न दुखणारं अवधाण

"आता दुखत न्हाई रं," असं अक्का म्हणाली, तेव्हाच मला कळलं. मागाहून विचार करून नव्हे, तिथल्या तिथं. हे मी लिहितोय ते वाचून कुणी म्हणेल की माणसाला नंतर उगाच वाटत राहतं, आपल्याला आधीच कळलं होतं म्हणून. तसं नाही. मला कळलं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. निमोण्याला दिलेली. नवरा लवकर गेला, एकच मुलगा, तो रांजणगावच्या एका कंपनीत लागला आणि तिचं बरं चाललं होतं. मी दौंडला. उमेदीची सगळी वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. ते थकले, दवाखाना बंद झाला, पुढं वारले. मी एका मेडिकलच्या काउंटरवर उभा राहू लागलो. पण नात्यात माझं डॉक्टरपण गेलं नाही. कुणाचं गळू, कुणाची भाजलेली पोटरी, सगळं माझ्याकडे. मला ते आवडायचं. आबा, म्हणजे वडील, तेही मला डाक्टर म्हणायचे, पण त्यांच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा यायचा.

अवधाण म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगावं लागेल. पायात काटा मोडला, टाच फुटून पिकली, की जांघेत गाठ उठते. ठणकते, कणकण येते, माणूस फेंगडा चालतो. त्याला आमच्याकडे अवधाण म्हणतात आणि त्याला कुणी भीत नाही. पायाची जखम सुकली की अवधाण आपोआप बसतं, हे घरोघर माहीत असतं. म्हणजे पायातली घाण वर चढते आणि जांघेत अडते, एवढं आमच्या लोकांना कुणी न शिकवता ठाऊक आहे. वाट ठाऊक आहे. त्याच वाटेनं आणखी काय चढू शकतं, ते ठाऊक नाही.

मला होतं. डॉक्टरांकडे एकदा भांडगावचा एक शेतकरी आला होता, काखेत गाठ घेऊन. डॉक्टरांनी ती दाबली, हलवून बघितली. तो आपला हसत होता. "दुखत न्हाई हो साहेब, बायकूनं पाठवलं म्हनून आलो." त्याला चिठ्ठी देऊन पुण्याला पाठवल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "दुखतं ते अवधाण. दाबल्यावर माणूस हसतो, दगडासारखी लागते आणि जागची हलत नाही, त्या गाठीला भ्यायचं. तिथं आपली अक्कल चालवायची नाही." हे वाक्य मी नंतर कितीतरी जणांना ऐकवलं. माझंच असल्यासारखं.

आता अक्का माझ्या घरी का होती ते सांगतो, कारण सगळं तिथंच आहे.

आबा रेल्वेत गँगमन होते. रिटायर झाल्यावरही आवाज तोच राहिला, लांबवरच्या माणसाला ओरडून सांगायचा. कंबरेचं हाड मोडलं आणि ते पलंगावर आले ते आलेच. माझी बायको कुरकुंभला पॅकिंगच्या कामाला, सकाळची कंपनीची बस. मी दुकानात. आबांचं सगळं पलंगावर. मी अक्काला फोन केला, "चार दिवस ये." ती एक पिशवी घेऊन आली. ते चार दिवस आम्ही कुणी मोजले नाहीत, कारण मोजले असते तर तिला परत पाठवावं लागलं असतं.

ती आली तेव्हाच जरा लंगडत होती. आबांना नवीन खेळणं मिळालं.

"आली का लंगडी घोडी?"

"लंगडी हाय म्हनून बरं हाय आबा. धड असती तर लाथ घातली असती."

"घाल की. तेवढंच ऱ्हायलंय बघायचं."

ती हसायची आणि त्यांच्याखालचं कापड ओढून काढायची. आबा वजनाला भारी. त्यांना कुशीवर वळवताना ती उजवी टाच जमिनीला टेकू द्यायची नाही, चवड्यावर सगळा जोर घ्यायची. मी चहा पीत बघायचो.

टाचेला कुरूप आहे म्हणाली. निमोण्यात असताना त्यावर बिब्बा घातला होता, त्यानं जागा आणखी काळी पडली, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, आण पाय इकडं. रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर ओट्यावर बसवून, पाय पाण्यात भिजवून, नव्या ब्लेडनं तासलं. कुरूप मी खूप तासली आहेत. आत पांढरा, काचेसारखा खिळा असतो. इथं खिळा नव्हता. काळं होतं, खाली आणखी काळं, कडेला सांडलेल्या शाईसारखं पसरलेलं, आणि रक्त थांबता थांबेना. मी कापूस दाबून धरला.

"निघालं का?" तिनं विचारलं.

"निघालं."

त्या जखमेत पू झाला. जांघेत अवधाण उठलं, खरंखुरं, ठणकणारं. ताप आला. मी दुकानातून कॅप्सूल आणून दिल्या. पू गेला, ताप गेला, ठणका गेला. इथपर्यंत मला कुणी दोष दिला तर मी म्हणेन, चुकलो, घाईनं केलं, माहीत नव्हतं. इथपर्यंत ते खरंही आहे.

मग एका सकाळी बायको बसला गेल्यावर अक्कानं मला आतल्या खोलीत बोलावलं. "ठणका गेला बघ. आता दुखत न्हाई रं. पर गाठ हाय तिथंच. वाईच मोठी झाल्यावानी वाटती."

थोरल्या बहिणीची जांघ भाऊ बघत नाही. तिनं साडी नीट केली आणि माझा हात धरून साडीवरूनच त्या जागी ठेवला, तोंड भिंतीकडे फिरवून. मी दाबलं. लिंबाच्या बीवर बोट टेकावं तसं कडक लागलं, फक्त मोठं. बाजूला सरकवून बघितलं, सरकलं नाही. आणखी जोरात दाबलं. एरवी ती ओरडली असती. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "गुदगुल्या व्हत्यात, सोड."

बाहेरून आबा ओरडले, "ए लंगडे! वल्लं झालंय!"

तेवढ्यात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मला आजही ओळीनं सांगता येतं. पुण्याला न्यावं लागेल. सुया, तपासण्या, ऑपरेशन. ती महिनोन् महिने येणार नाही. आबांना कोण वळवणार? बायकोची नोकरी सुटेल, किंवा माझी. किंवा मला, स्वतःला, हे हात लावावे लागतील, त्या कापडाला, त्या माणसाला. आणि सर्वात शेवटी, अगदी शेवटी, अक्का मरेल हे आलं. तोवर मी बोलून गेलो होतो.

"अवधाण आहे. टाच सुकू दे, बसेल."

"मी बी तेच म्हनलं," ती म्हणाली आणि आबांकडे गेली.

आम्ही ख्रिस्ती. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. गाणी होतात, वचन होतं, मग साक्ष. ज्याला प्रभूनं काही दिलं, कशातून काढलं, त्यानं उभं राहून सांगायचं. त्या महिन्यात प्रार्थना आमच्याकडे होती, आबांना बाहेर नेता येत नाही म्हणून. मला वाटलंही नव्हतं, पण अक्का पदर सारखा करून उभी राहिली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. बोटं एकमेकांत घालून तिनं सांगितलं, "माझ्या पायाला लई तरास व्हता. अवधाण उठलं, ताप चढला, मला वाटलं मी काय ह्यातून उठत न्हाई. पर प्रभूनं माझ्या भावाच्या हाताला गुण दिला. आता त्या जागंवर बोट दाबलं तरी मला दुखत न्हाई."

सगळे म्हणाले, आमेन. मीही म्हणालो. जरा मोठ्यांदा म्हणालो, कारण लोक माझ्याकडे बघत होते.

साक्ष दिली की ती मागे घ्यायची नसते. साक्ष दिल्यावर त्याच दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी चढलं तर आपण देवाला खोटं पाडतो, असं कुणी शिकवत नाही. पाळकसाहेब तर व्यासपीठावरून उलटंच सांगतात. पण बायकांमध्ये ते तसंच धरलं जातं, आणि अक्कानं ते सगळ्यांहून घट्ट धरलं. मला हे माहीत होतं. तिनं उभं राहून सांगितलं आणि एक दार आतून लावून घेतलं. मला त्या वेळी, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. आता ती स्वतःहून विचारणार नव्हती.

असे कितीतरी महिने गेले. ती आबांना वळवायची, भरवायची, त्यांच्या शिव्या खायची आणि परत द्यायची. टाच सुकली नाही. मी तिला पट्टी बांधून द्यायचो. ती झोपताना पायांमध्ये गोधडी घेऊ लागली. एकदा भाचा आला होता, आईला बघायला. जाताना गाडीपाशी मला म्हणाला, "मामा, आईचा पाय मला बरा दिसत न्हाई. काळं पडलंय. आन् फेंगडी का चालती?"

"अवधाण आहे."

"इतकं दिवस ऱ्हातं व्हय?"

"डॉक्टर तू का मी?" मी म्हणालो.

तो लहानपणापासून माझ्यासमोर गप्पच होतो. त्यानं गाडीला किक मारली.

शेवटी कळलं ते बायकोमुळे. अक्काला कणकण होती म्हणून बायकोनं तिला न्हाऊ घातलं आणि तशीच ओल्या हातानं दुकानात आली. गिऱ्हाईक उभं होतं, तरी थांबली नाही.

"अहो, वन्सांच्या जांघेत गाठ आहे. अंड्याएवढी. वरची कातडी लाल झालीय. तुम्हाला माहितीय?"

"अवधाण..."

"माझ्यासमोर अवधाण म्हणू नका. अवधाण कवा असं असतंय? मी भाच्याला फोन केलाय. उद्या गाडी घेऊन येतोय."

"आणि आबा?"

"मी रजा टाकते. शेजारच्या दोघी येतील. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं. मी जे धरून इतके दिवस बसलो होतो ते तिनं तिथल्या तिथं, गिऱ्हाइकासमोर सोडवलं. आणि ते झालंही. तिनं रजा टाकली, शेजारणी आल्या, आबांनी दोघींना शिव्या घातल्या, दोघींनी ऐकून घेतल्या. एवढंच करायचं होतं. मी विचारलंच नव्हतं कुणाला.

अक्का यायला तयार नव्हती. "मी साक्ष दिलीय," एवढंच म्हणत होती. भाच्यानं तिला उचलून गाडीत बसवलं.

पुण्यातल्या दवाखान्यात तपासणारी डॉक्टर तरुण होती. तिनं टाच बघितली, गाठ बघितली आणि मान वर न करता विचारलं, "हे टाचेचं कुणी कापलं होतं?"

मी अक्काच्या चपला हातात धरून उभा होतो.

"मीच," अक्का म्हणाली. "इळ्यानं."

"विळ्यानं?"

"शेतावरची मानसं आमी. असंच करतो."

डॉक्टरनं डोकं हलवलं. मीही हलवलं. अडाणी बाईकडे शिकलेली माणसं बघतात तसं मी माझ्या बहिणीकडे बघितलं.

सुईनं गाठीतला नमुना घेतला, टाचेचा तुकडा काढला. त्वचेचा कॅन्सर निघाला, काळा, तळव्याला होणारा. डॉक्टरनं भाच्याला आणि मला समोर बसवून कागदावर पाय काढून दाखवला. तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आमच्याकडे कालव्याच्या पट्ट्यात उसाला पाणी जास्त झालं की रान चिबडतं. मग ते मुरलेलं पाणी काढून द्यायला बांधाकडेनं चर खणतात. पाणी आणणारी चारी वेगळी आणि पाणी नेणारा चर वेगळा. अंगातही तसंच आहे. रक्त येतं त्या नळ्या वेगळ्या, आणि मांसात झिरपलेलं पाणी गोळा करून नेणाऱ्या वेगळ्या, केसासारख्या बारीक, त्यांच्या भिंती सैल. त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. रक्ताला ढकलायला हृदय आहे. या पाण्याला मुख्यतः आपलं हलणं-चालणं ढकलतं. पोटरी आवळली की ते वर सरकतं, आणि आतल्या बारीक झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत.

कॅन्सरच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. मूळ जागेवरून सुटतात, त्या सैल भिंतींतून आत शिरतात आणि पाण्याबरोबर चढतात. पायाचं पाणी जांघेतल्या गाठींपाशी येतं. या गाठी सगळ्यांना असतात, त्या गाळण्या आहेत. पायातून जंतू आले तर तिथं मारामारी होते, म्हणून गाठ सुजते आणि दुखते. तेच अवधाण. पण या पेशी बाहेरच्या नसतात. आपल्याच अंगातल्या, त्यामुळे बऱ्याचदा त्यांना कुणी अडवत नाही. गाळणीच्या काठाला उतरतात, एकीच्या दोन होतात, सगळी गाठ भरून टाकतात, आणि मारामारी न झाल्यामुळे माणसाला दुखत नाही. एक गाठ भरली की पुढची. जांघेतून ओटीपोटात, तिथून पाठीच्या कण्याशेजारून वर, आणि शेवटी गळ्याच्या मुळाशी हे सगळं पाणी एका मोठ्या शिरेत सोडलेलं असतं. तिथून ते रक्तात. मग फुप्फुस, यकृत, मेंदू, कुठंही.

मी विचारलं, "चालल्यामुळं पसरलं का? तिला घरात फार चालावं लागायचं. उचलावं लागायचं." मला ते हो म्हणून हवं होतं. मग दोष आबांच्या वजनावर टाकता आला असता.

"नाही," ती म्हणाली. "पडून राहिल्या असत्या तरी गेलं असतं."

"चुकीचं तासल्यामुळं?"

"त्यानं भलं झालं नाही. पण खरा फरक वेळेनं पडतो. पहिल्या गाठीत थोडंसं असताना आल्या असत्या तर आपण आज वेगळं बोलत असतो. गाठ कधी लागली हाताला?"

भाचा माझ्याकडे बघत होता.

"नुकतीच," मी म्हणालो.

तिनं ते लिहून घेतलं.

ऑपरेशनमध्ये टाचेचा मोठा तुकडा काढला, मांडीची कातडी काढून तिथं लावली, जांघेतल्या आणि आतल्या गाठी काढल्या. गाठी काढल्या की पाणी जायची वाट जाते. चर बुजवल्यावर रान चिबडतं तसा तिचा पाय चिबडला. पोटरी आणि मांडी एक झाली, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. भाच्यानं तिला निमोण्याला नेलं. मी सुट्टीच्या दिवशी एसटीनं न्हावऱ्यावरून जायचो, ड्रेसिंग करून यायचो. ते मला चांगलं येतं. घरी आबांचं आता मी करत होतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कापला का पाय तिचा?"

"नाही."

"मग कवा येनार हाय?"

काही महिन्यांनी, तिच्या पोटरीला तेल लावताना, माझ्या बोटाला बारीक खडा लागला. कातडीखाली, मोहरीएवढा. त्याच्या वर आणखी एक. घोट्यापासून मांडीपर्यंत ते एका ओळीत होते, काळपट, बांधाच्या कडेनं टोकणी करावी तसे. जांघेकडे निघालेल्या आणि वाटेतच थांबून तिथं रुजलेल्या पेशी. त्या बारीक नळ्या कुठून कुठं जातात ते कागदावर काढलेलं मी बघितलं होतं. आता तिच्या पायावर ते कुणीही बोट फिरवून बघावं असं उमटलं होतं. पुढं ते खडे तुरीएवढे झाले आणि फुटले. सलाईनमधून द्यायचं एक नवं औषध झालं. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, कुणाला लागू पडतं, कुणाला नाही. अक्काला पडलं नाही.

दौंडच्या बायका भेटायला यायच्या. एकीनं तिच्या तोंडावर विचारलं, "साक्ष दिली व्हती, मंग दवाखान्यात गेलीसच का गं?" आणि अक्काला ते पटलं होतं. एका दुपारी मी पट्टी सोडत असताना ती छपराकडे बघून म्हणाली, "माझंच चुकलं भाऊ. त्यानं बरं केलं व्हतं. मला कुटं दुखत व्हतं? मीच इस्वास सोडला. म्हनून त्यानं तोंड फिरवलं."

एवढं मला सहन झालं नाही. की झालं असतं, पण ती ते दर खेपेला म्हणू लागली, म्हणून नाही झालं, मला नक्की सांगता येत नाही.

"तू बरी झाली नव्हतीस," मी म्हणालो. "दुखत नाही म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं. न दुखणारी गाठ वाईट असते."

माझ्या हातात सुटलेली पट्टी तशीच होती.

"कवा कळलं?"

"आतल्या खोलीत. हात लावला तेव्हा."

"आन् मी परार्थनेत उभी ऱ्हायले तवा?"

"तेव्हा माहीत होतं."

"आमेन म्हनलास."

"हो."

"का रं?"

मी खूप काही बोलू शकलो असतो. भीती वाटली, खात्री नव्हती. म्हणालो, "आबांचं कोण करणार होतं?"

ती हसली. खरंच हसली, त्यातून खोकला आला. "म्हंजी म्हाताऱ्याचं ढुंगन धुवायला ठिवलंस व्हय मला. तो अजून जित्ता हाय का?"

"आहे."

"लई चांगलं केलंस." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "मी उभी ऱ्हाऊन खोटं बोलले. सगळ्यांम्होरं. तू उभा ऱ्हाऊन खरं बोल. लोक म्हंत्यात, हिनं देव सोडला. त्यान्ला सांग कुनी काय सोडलं ते. येत्या रविवारी. माझ्या देखत."

मी हो म्हणालो.

रविवारी भाच्यानं तिला गाडी करून दौंडला आणलं आणि शेजाऱ्याच्या मदतीनं खुर्चीसकट उचलून उपासनेला नेलं. पाय चादरीनं झाकलेला, तरी वास येत होता, बायका जरा सरकून बसल्या. आमच्यात पाद्रीबाबांच्या कानात पाप सांगायची रीत नाही. सगळे मिळून एका सुरात म्हणतात, आम्ही पाप केलं आहे. त्या सुरात माझा आवाज कुणाला वेगळा ऐकू आला नाही. मग पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का?

मी उभा राहिलो. अक्कानं मान वळवून बघितलं. मला तिच्या मानेची शीर दिसत होती. सगळे बघत होते, मला डॉक्टर म्हणणारी माणसं.

"माझ्या बहिणीसाठी प्रार्थना करा," मी म्हणालो आणि बसलो.

सगळे म्हणाले, आमेन. तिनं मान परत पुढं केली.

त्यानंतर तिनं मला हात लावू दिला नाही. पुढच्या खेपेला गेलो तर भाचा दारातच आडवा आला. त्याला कारण माहीत नव्हतं. तिनं त्याला सांगितलं नव्हतं, शेवटपर्यंत सांगितलं नाही. "मामा, आई म्हंती, तुमी आत यायचं न्हाई. काय झालंय तुमच्यात?"

"काही नाही."

"मंग मी करतो पट्टी. बसा तुमी."

मी अंगणात बाजेवर बसायचो. दर सुट्टीला जायचो आणि बसून परत यायचो. फुप्फुसात गेलं होतं, ती त्यातून निघणार नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या खेपेची गोष्ट सांगतो. त्यानंतर आठवडाभरात ती गेली, आणि मी मातीला गेलो तेव्हा लोकांनी मलाच पुढं केलं, भाऊ म्हणून.

त्या दिवशी भाचा आत पट्टी बदलत होता. त्याला येत नव्हतं. मांडीवरच्या जखमा मोठ्या झाल्या होत्या, कालची पट्टी वाळून मांसाला धरली होती, आणि तो ती कोरडीच ओढत होता. ती ओरडली. तशी ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आयुष्यभर आबांच्या शिव्यांवर हसणारी बाई. भाचा रडवेल्या आवाजात म्हणत होता, "झालं गं आई, झालं, एवढीच ऱ्हायली."

मी बाजेवरून ओरडलो, "आधी भिजव! पाणी लाव!"

आतून तिचा आवाज आला. बसलेला, पण शब्द स्पष्ट. "त्याला म्हनावं गप बस. गप बसाया चांगलं येतंय त्याला."

मी बसलो. भाच्यानं आणखी एक पट्टी ओढली, ती ओरडली. मग तो घमेलं घेऊन बाहेर आला, त्यातलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. खांदे हलत होते. मागं न बघता, हळू आवाजात त्यानं विचारलं, "मामा, किती येळ भिजवायची?"

"उकळून गार केलेलं पाणी घे, चिमूटभर मीठ टाक," मी तेवढ्याच हळू सांगितलं. "चांगली भिजव. ओढू नकोस. स्वतः सुटली तरच काढ. कडेकडून आत ये."

तो चुलीपाशी गेला, मग आत. बराच वेळ कुणाचा आवाज नव्हता. मी कान देऊन बसलो. शेजारची शेळी ओरडली, ट्रॅक्टर गेला. आतून काही नाही. मग अक्का बोलली, अगदी रोजच्यासारखी.

"आता बरं काढतूस की. कुनी शिकीवलं?"

"कुनी न्हाई," भाचा म्हणाला.